एक घंटी

पहाटे पावणेसहाला यावल आगारातून निघताना
चहा अर्धाच घ्यायचा, पाणी नाहीच,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
अकरा वर्षांत आपोआप जमलं,
जसं न बघता सुट्टे मोजणं जमलं.

साकळी, किनगाव, धानोरा, अडावद, चोपडा.
मधे केळीच्या बागा,
खोडाच्या बुडाशी ठिबक, दिवसरात्र थेंब थेंब,
आणि मी कोरडी.
स्टँडवर 'महिला' लिहिलेल्या दाराला कुलूप,
किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर जेवायला.
माझा ड्रायव्हर रमजान तडवी, भला माणूस,
भिंतीमागं जाऊन येतो, हात धुतो, स्टार्टर मारतो.
एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.
मी दोन देते.

मार्चात जळजळ सुरू झाली.
सारखी लागल्यासारखी, होते मात्र चार थेंब.
मेडिकलवाल्याला म्हटलं, उष्णता. तोही म्हणाला, उष्णता.
(त्या जागेचं सगळं आपल्याकडं उष्णतेच्या नावावर खपतं.)
सब्जा घ्या म्हणाला, आणि दहा गोळ्या दिल्या.
चार घेतल्या. बरं वाटलं.
उरलेल्या तिकिटाच्या पेटीत, चिल्लरखाली.

मे महिना, पारा सेहेचाळीस,
धानोऱ्याच्या पुढं मला थंडी वाजली.
मशीनवर बोट ठरेना,
अडावदच्या माणसाला चोपड्याचं तिकीट गेलं.
उजवीकडं, शेवटच्या बरगडीखाली
कुणी पाना घालून नट आवळत होतं.
"काय व्हयनं वं माय?" म्हणत
एका म्हातारीनं गाठोडं सोडलं,
लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेली गोधडी
माझ्यावर टाकली.
अख्खी गाडी घामानं निथळतेय आणि कंडक्टर गोधडीत,
मला हसूच आलं.
मग उलटी.

चोपड्याच्या दवाखान्यात वळवी मॅडमनी
पाठीवर मुठीनं हलकंच ठोकलं.
मी ओरडले ते बाहेर रमजानला ऐकू गेलं.
"ही कंबर नाही, मूत्रपिंड आहे," त्या म्हणाल्या.
"जंतू आधी खाली पिशवीत होते.
तुम्ही पाणी पीत नाही, लघवी दाबून धरता,
त्यांना बाहेर काढणार कोण? ते वर चढले."
हातात डबी दिली.
पहिली धार सोडायची, मधली धरायची.

आतून कडी.
बाहेर कुणी नाही, घाई नाही, हॉर्न नाही.
ड्युटीच्या वेळेत, अकरा वर्षांत,
हे पहिल्यांदाच.

तपासणीचा कागद दोन दिवसांनी आला.
त्यात जंतूचं नाव,
खाली औषधांची यादी: कोणाला घाबरतो, कोणाला नाही.
माझ्या पेटीतली गोळी यादीत होती.
तिला तो आता ओळखत होता.

सुईवाटे दुसरं औषध. तिसऱ्या रात्री ताप उतरला.
घरी पाठवताना चौदा दिवसांचा हिशेब पुरा होईल
एवढ्या गोळ्या.
सहाव्या दिवशी मी ठणठणीत,
कळण्याची भाकरी खाल्ली, अंगण झाडलं,
आणि हात सवयीनं पाकीट मिटून ठेवायला गेला.
चोपड्याचं तिकीट काढून अडावदलाच उतरणारे
मी पुष्कळ पाहिलेत.
वर पैसे परत मागतात.
गोळी घेतली. पाण्यासोबत, भरपूर.

आता पेटीशेजारी दोन लिटरची बाटली असते.
परवा अडावदला गाडी लागली. दाराला कुलूप.
कंट्रोलर डबा उघडून बसलेला.
"किल्ली."
"जेवतोय ना बाई."
"जेवा की. किल्ली द्या."
खिडक्यांतून चुकचुकणं, कुणाची तरी शिट्टी,
लग्नाला उशीर, कोर्टाची तारीख.
रमजाननं स्टार्टर मारला,
मग बंद केला.

बाहेर आले तर दाराशी तीन बाया उभ्या,
कुठल्या गाडीच्या कोण जाणे.
आणि आमच्या गाडीत
कुणीतरी दोरी ओढली.
मी मोजलं.
एकदाच.